दंडाचा गाल

बाबी राणे या विणकराच्या तोंडात मी केस रुजवले.

डोक्यावर नव्हे, हनुवटीवर नव्हे. तोंडाच्या आत, डाव्या गालाला, जीभ सहज टेकते तिथे. काळेभोर, राठ, आणि कसलीही मशागत न करता जोमानं वाढणारे.

आयुष्यभर मी परळच्या एका इस्पितळात माणसांची तोंडं दुरुस्त केली. नाकं उभी केली, ओठ शिवले, टाळूतली भोकं बुजवली. ती माणसं बरी होऊन गेली आणि पुढे रस्त्यात मी दिसलो की समोरच्या फुटपाथवर गेली. त्यांचं बरोबरच आहे. ज्याला नवं तोंड मिळालं त्याला जुनं तोंड पाहिलेला साक्षीदार कशाला हवा? ओळख दाखवायचा तो फक्त राणे, तीही भर रस्त्यात जबडा उघडून.

संपादकांची मागणी 'यशस्वी शस्त्रक्रियां'वरच्या लेखाची होती. तसे लेख लिहिणारे डॉक्टर पुष्कळ आहेत. त्यांच्या हातून कधी कोणी दगावत नाही, त्यांचे टाके कधी पिकत नाहीत, आणि लेखाच्या शेवटी पेशंटची म्हातारी आई त्यांच्या पाया पडते. माझ्या पाया कोणाचीही आई पडलेली नाही. एका पेशंटची बायको मात्र माझ्याशी दोन शब्द बोलली. ते ओघानं येईलच.

आधी धंदा समजावून सांगतो. गालाला आरपार भोक पडलं की ते नुसतं ओढून शिवता येत नाही. कातडी कमी पडते, तोंड वाकडं होतं आणि पुढे उघडेनासं होतं. म्हणून दुसरीकडची कातडी आणावी लागते. पातळ सालपट आणून चिकटवलं तर ते जगतं, पण गालाला जाड कातडी लागते, आणि जाड कातडी रक्ताशिवाय मरते. मग काय करायचं? कातडीचा तुकडा पूर्ण तोडायचाच नाही. तीन बाजूंनी सोडवायचा, चौथी बाजू अंगाला तशीच ठेवायची, पाकिटाच्या झाकणासारखी. त्याला आम्ही फ्लॅप म्हणतो. चौथ्या बाजूनं त्याला रक्त मिळत राहतं. आता दंडावरचा फ्लॅप गालाला लावायचा तर दंडच गालापाशी न्यायला हवा. म्हणून हात वर, पंजा डोक्यावर, दंडाचा फ्लॅप गालाला शिवलेला, आणि या सगळ्या थाटाभोवती प्लास्टर. असा माणूस सुमारे तीन आठवडे ठेवायचा. तेवढ्यात गालाकडून फ्लॅपमध्ये नवं रक्त शिरतं. मग दंडाकडची बाजू कापायची आणि हात मोकळा करायचा.

आजची पोरं मनगटाजवळची कातडी धमनीसकट उचलतात, दुर्बिणीखाली मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडतात, आणि पेशंटचे दोन्ही हात जागच्या जागी ठेवून घरी जेवायला जातात. एखादा मला परिषदेत विचारतो, "सर, तुमच्या काळी खरंच हात तोंडाला शिवायचे?" चेहरा असा, की जणू मी माणसं झाडाला टांगत होतो. मी म्हणतो, "शिवायचे. आणि सुटल्यावर तो हात आम्हालाच मारायला मोकळा असायचा."

तर तेव्हा मी फणसवाडीतल्या दोन खोल्यांतून परळला जाणारा तरुण सर्जन होतो. तरुण म्हणजे वयानं. टक्कल ही आमच्या घराण्याची एकमेव स्थावर मालमत्ता; ती मला तिशीच्या आतच मिळाली होती. त्यामुळे पेशंट मला फार अनुभवी समजत, आणि तो गैरसमज मी जपून वापरत असे. भरीला वाडीतल्या एका आजीबाईंच्या बोटाचं नखुरडं मी कापलं होतं. ते बरं झालं. ते तसंही झालंच असतं. पण आजीबाई जिन्याजिन्यावर थांबून सांगत सुटल्या, "ह्याच्या हाताला गुण आहे हो!" हे वाक्य डॉक्टरच्या कानात फार दिवस राहू देऊ नये. आत पिकतं.

आमचे सर विलायतेत शिकून आलेले. युद्धात भाजलेल्या वैमानिकांची तोंडं नव्यानं बांधली जात होती, त्या कामात ते राबले होते. त्यांना हाताचा गुण वगैरे मान्य नव्हतं. "हात हमाल आहे," ते म्हणत. "मुकादम डोळा. मुकादम जागा असेल तर हमाल कोणीही चालतो." मी मान डोलवत असे आणि मनात म्हणत असे, सरांच्या हाताला गुण नसेल, माझ्या आहे.

बाबी राणे आला तो गालावर पंचा दाबून. मूळचा मालवणकडचा, लोअर परळच्या एका गिरणीत साळखात्यात, म्हणजे विणाईवर. मागावर सुताची कांडी घेऊन इकडून तिकडे पळणारा धोटा असतो. लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंडी चोच. तो कधीमधी मागावरून उडतो. शेजारच्या मागावरचा उडाला आणि राणेच्या डाव्या गालात घुसला. जखमेवर कोणीतरी पाल्याचा लेप थापला, ती सडली, आणि बरी होता होता आवळा जाईल एवढं भोक मागे ठेवून गेली. आतले दात बाहेरून दिसत.

"काय त्रास होतो?" मी विचारलं. गालाला एवढं भोक असलेल्या माणसाला हा प्रश्न विचारायला पदवी लागते.

"पेज पितंय तर अर्धी पोटात, अर्धी शर्टार."

"भिंतीकडे तोंड करून जेवता," त्याची बायको गंगाबाई म्हणाली. ठेंगणी, काटक, आवाज भोंग्यासारखा. "पोरांका दिसूक नको म्हणून. आमटीचो वघळ पुसूक मी बाजूक पंचो घेवन बसतंय."

"ता सोड गो," राणे म्हणाला. "डॉक्टर, माका रूप नको. माका फकत 'प' होयो."

मला काही कळेना. मग गंगाबाईनं कपाळावर आठ्या घालून खुलासा केला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. गिरणगावात चूल पेटली नाही तरी चालेल, सभा पेटली पाहिजे. राणे त्याच्या भागातला घोषणा देणारा. मोर्च्याच्या पुढे तो एकटा आधी ओरडायचा, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र," इथे दम घ्यायचा, "झालाच पाहिजे!" आणि मग गल्लीभर माणसं तेच गर्जून परत करायची. घरात 'होया' म्हणणारा हा माणूस. 'पाहिजे' हा शब्द त्यानं खास चळवळीसाठी घेतला होता आणि नेमका तोच निसटला होता. 'प' म्हणायचा तर ओठ मिटून तोंडात हवा कोंडावी लागते. राणेची हवा कोंडायच्या आत गालातून शिट्टी वाजवत बाहेर पडे. 'झालाच' खणखणीत, आणि पुढे कुकर झाल्यासारखा आवाज. पोरं हसली. मोर्च्यात पोरं हसली की घोषणा मेली.

"आता माज्या जाग्यार शिंग्रे आराडता," राणे म्हणाला. "नाकातसून."

"बघा," गंगाबाई म्हणाली. "ह्येंका जेवूक होया नाय, आराडूक होया."

मी त्यांना कोकणी माणसाला समजेल असा दाखला दिला. "आंब्याचं भेटकलम असतं ना? रोप झाडाच्या फांदीपाशी नेतात, दोघांना थोडं सोलून एकत्र बांधतात, आणि एकजीव झालं की फांदी झाडापासून कापतात. तसंच."

राणेचे डोळे चमकले. "म्हणजे माजो हात हापूस आणि गाल रायवळ!"

"अगदी बरोबर," मी म्हणालो. दाखल्यावर मी इतका खूश झालो की पुढे आठवडाभर विद्यार्थ्यांनाही तोच ऐकवला. माझा स्वतःचा आंब्याशी संबंध पेटी उघडण्यापुरता होता.

सरांनी बेत सांगितला. दंडाच्या आतल्या बाजूचा, काखेकडचा, आखूड फ्लॅप घ्यायचा. तिथली कातडी मऊ. त्याला तोंडाच्या बाजूनं अस्तर म्हणून मांडीवरचं पातळ सालपट आधी लावून ठेवायचं. ते जगलं की मग गालाला जोडायचं. म्हणजे एक शस्त्रक्रिया जास्त. हे सांगून सर परिषदेसाठी दिल्लीला गेले.

इथे माझ्या कानातलं ते वाक्य ठणकू लागलं. मला वाटलं, एवढा खटाटोप कशाला? फ्लॅप लांब घेऊ. दंडाच्या आतल्या बाजूपासून सुरू करून पुढून वळसा घालत बाहेरच्या बाजूपर्यंत नेऊ, आणि रुमालाची घडी घालतात तसं दुमडू. एक पदर आत, एक बाहेर. अस्तर आणि कापड एकाच ताग्यातलं. विणकर पेशंटला शोभेलसं. सर येतील तेव्हा थक्क होतील.

सर थक्क झाले, याबद्दल वाद नाही.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी वॉर्डात न्हावी यायचा आणि जिथे चाकू लागणार तो भाग साफ करून जायचा. मग त्यावर औषध, वर स्वच्छ फडकं. ते फडकं थेट टेबलावर सुटायचं. राणेचा दंड माझ्यासमोर सुटला तो दुधी भोपळ्यासारखा गुळगुळीत. त्याआधी राणे माझ्याकडे जितक्या वेळा आला तितक्या वेळा अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट. मी त्याचा गाल मापला, जबडा उघडून पाहिला, किडक्या दातांची विचारपूस केली, भोकातून पलीकडे विजेरी मारली. शर्टाची बाही एकदाही वर केली नाही. मी तोंडाचा डॉक्टर. हाताकडे कशाला बघू?

शस्त्रक्रिया सुंदर झाली. ती सुंदर झाली हे मी स्वतःच सगळ्यांना सांगितलं, त्यामुळे तो मुद्दा निकालात निघाला.

मग राणे डोक्यावर हात बांधलेल्या अवस्थेत वॉर्डात राहू लागला. नळीच्या भांड्यातून पेज, प्लास्टरच्या आत ढेकूण, खाजवायला विणायची सुई. नव्या गालावर माशी बसली की त्याला दंडाला गुदगुल्या व्हायच्या, कारण फ्लॅपच्या नसा अजून दंडाच्याच होत्या. तो वॉर्डभर हा खेळ दाखवायचा. "गालाक हात लावा... बघा, दंडाक लागला!" गंगाबाई डबा घेऊन आली की त्याच्याकडे बघून म्हणायची, "लगीन झाल्यापासून मी डोक्याक हात लावन बसलंय. आता जरा तुमी बसा."

त्याच सुमारास दादरचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. मुलीचं लग्न जमत नव्हतं, आणि दोष मुलीच्या नाकाचा असल्याचं घरच्या मंडळींनी ठरवलं होतं. मला मुलीचं नाक सरळ दिसत होतं. वाकडं असलंच तर ते वडिलांचं होतं. ते फार ऐकेनात म्हणून मी त्यांना वॉर्डाच्या दारातून राणे दाखवला. ते पांढरे पडले. "हे... असं करणार तिला?" "तीन आठवडे फक्त," मी गंभीरपणे म्हणालो. गृहस्थ गेले ते छत्री विसरून गेले. मुलगी जाताना माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसली. माझ्या हातून झालेल्या निर्दोष उपचारांत मी हा एक धरतो.

आणि मग एका दुपारी राणेची खाट रिकामी.

त्या वर्षांत मुंबईत गोळ्याही चालल्या. त्या जखमींवर विनोद करण्याइतका मी निर्लज्ज नाही. पण त्या दिवशीचा मोर्चा शांत होता आणि आमच्या इस्पितळासमोरूनच चालला होता. खिडकीतून घोषणा ऐकू येत होती. शिंग्रे असावा, कारण आवाज नाकातून होता. राणेला ते सहन झालं नसणार. हात तोंडाला शिवलेला हा माणूस इस्पितळाच्या लेंग्यात, डोक्याला प्लास्टरचं मुंडासं, सरळ मोर्च्यात.

मी ॲप्रन फडफडवत धावलो. सांगायला नको, की त्या फ्लॅपला एक हिसका बसला असता तर सगळे टाके तुटले असते. मोर्च्यात पोचतो तो राणे चौघांच्या खांद्यावर. हात वर बांधलेला, तोंड झाकलेलं, चेहऱ्यावर पट्ट्या. लोकांना वाटलं, पोलिसांनी मोडला. कोणीतरी गळ्यात झेंडूची माळ घातली होती. राणेला अर्ध्या तोंडानं पुटपुटण्यापलीकडे बोलता येत नव्हतं, त्यामुळे खुलासा करायची सोय नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्याला करायचाही नव्हता.

"खाली उतरवा त्याला!" मी ओरडलो. "तो माझा पेशंट आहे!"

"हा कोण टकल्या?" एकजण म्हणाला.

"सरकारी दिसतोय. पकडायला आलाय."

"अहो, त्याचा हात मी शिवलाय!"

"हात शिवलाय? ऐका रे, हा म्हणतो हात मीच शिवला! लाज वाटत नाही?"

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. मला वेढा पडला. आधी घोषणा दे, मग बोल, असं ठरलं. मी फणसवाडीतला माणूस. आम्ही चळवळीला पाठिंबा देत असू तो गॅलरीतून. मी घशातल्या घशात "झालाच पाहिजे" म्हणालो. "ऐकू नाय आलं!" मी पुन्हा म्हणालो. माझे दोन्ही गाल शाबूत होते, 'प' जागेवर होता, आणि आवाज मात्र मांजराचा.

तेवढ्यात गर्दी फाटली आणि डबा हातात घेऊन गंगाबाई आली. ती कोणाला काही समजावत बसली नाही. नवऱ्याचा मोकळा हात धरला. "मेल्या, एक हात तोंडाक शिवलेलो आसा आणि हय पालखीत बसलंस? उतर खाली!" राणे उतरला. चौघांनी खांदे आपोआप वाकवले. मग तिनं माझ्याकडे बघितलं. "आणि तुमी काय बघतास? चला!" मीही गेलो. मागून कोणीतरी म्हणालं, "पुढारी ही बाई आहे." मला ते पटलं.

वॉर्डात आल्यावर प्लास्टर कापून पाहिलं. फ्लॅपची एक कड निळी पडली होती. निळी म्हणजे रक्त आत जातंय पण परत निघत नाही. पुढची पायरी काळी, आणि काळी म्हणजे मेलेली. फ्लॅप गेला असता तर भोक पहिल्यापेक्षा मोठं झालं असतं आणि दंडाची कातडी फुकट गेली असती. मी हाताचा कोन बदलला, पीळ काढला, दोन टाके सैल केले, आणि स्टूल घेऊन समोर बसलो. करण्यासारखं आणखी काही नव्हतं.

गंगाबाई खाटेच्या पलीकडे उभी. तिनं फ्लॅपकडे बोट करून विचारलं, "ह्यो मेलो तर?"

"दुसरा हात आहे."

"आणि दोनय हात असे वरबाडलात तर माग कोण चालवतलो? तुमी?"

मी पुन्हा वाकून ती कड पाहिली. राणे डोळे मिटून पडला होता. त्याला भीती वाटत होती की काय, ते अर्ध्या झाकलेल्या तोंडावरून कळत नव्हतं. पण मोकळ्या हाताची मूठ चादरीत रुतली होती. दिवेलागणीच्या सुमाराला ती कड जांभळी झाली आणि मग हळूहळू गुलाबी. मी गंगाबाईला बोट दाखवून दाखवलं. तिनं वाकून पाहिलं. "बरा," म्हणाली आणि डबा धुवायला गेली.

सर दिल्लीहून परतले. फ्लॅप पाहिला. "लांब घेतलात," एवढंच म्हणाले. माझ्या कानाला ते कौतुकच वाटलं.

पुढे दंडाकडची बाजू कापली. हात खाली आला. खांदा इतका आखडला होता की तो पुढे काही दिवस वाटसरूला रस्ता दाखवत असल्यासारखा फिरायचा. टाके निघाले तेव्हा मी पेला भरून पाणी दिलं. राणे प्यायला. सगळा वॉर्ड बघत होता. शर्टावर थेंब नाही. मग त्यानं ओठ मिटले, गाल फुगवले, दोन्ही सारखे फुगले, आणि म्हणाला, "पाहिजे."

हळूच म्हणाला. स्वतःशीच. आणि सगळ्या खाटांवरून, पाय टांगलेल्या, डोकी बांधलेल्या माणसांनी उत्तर दिलं. सिस्टर दारात उभ्या होत्या. त्यांनी शांतता राखा म्हणून दटावलं नाही. त्या दिवशी मी फणसवाडीत परतलो तो जिन्याच्या दोन दोन पायऱ्या चढत.

पावसाळा सरता सरता राणे पुन्हा आला.

"तोंडात कायतरी वळवळता, डॉक्टर."

मी विजेरी लावली. आतल्या पदरावर, दंडाच्या बाहेरच्या बाजूची जी कातडी मी मोठ्या ऐटीत दुमडली होती तिच्यावर, पीक आलं होतं. भाताची शितं त्यात अडकलेली. माशाचा एक काटा.

सर शेजारच्या टेबलावर होते. त्यांनी येऊन पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "राणे, दुसऱ्या हाताची बाही वर करा." राणेनं केली. खांद्यापासून मनगटापर्यंत अस्वल. सरांनी सगळ्या विद्यार्थ्यांना बोलावलं. आधी तो हात दाखवला, मग तोंड दाखवलं, मग माझ्याकडे बोट केलं.

"हमाल उत्तम आहे," ते म्हणाले. "मुकादम झोपला होता."

गंगाबाईला सगळं कळायला काही क्षण लागले. तिनं नवऱ्याच्या तोंडात डोकावून पाहिलं, सरळ झाली आणि मलाच माझा दाखला परत केला. "कलम बांधूच्या आधी झाड बघूक नाय? हापूस काय रायवळ?" आणि खोलीबाहेर जाता जाता, मला ऐकू जाईल अशा बेतानं, "ह्येंका कोणी डॉक्टर केल्यान?"

आम्ही विजेच्या सुईनं मुळं जाळून पाहिली. काही जळली, बाकीची वाढली. नवं अस्तर घालून देतो म्हणालो. राणेनं हात जोडले, दोन्ही. "परत डोक्यार हात बांधूक? नको. केस आसत तर आसत. 'प' आसा."

मग ती कामगिरी गंगाबाईकडे गेली. सुट्टीच्या दिवशी राणे चाळीच्या गॅलरीत उताणा, तोंड उघडं, आणि ती चिमटा घेऊन त्याच्या तोंडात. फ्लॅपची कातडी दंडापासून तुटल्यावर बधिर झालेली, त्यामुळे दुखत नसे. येणारेजाणारे विचारत आणि ती प्रत्येकाला माझं नाव सांगे. लोअर परळमध्ये माझी जेवढी प्रसिद्धी झाली तेवढी नंतर कुठल्याही परिषदेत झाली नाही. रस्त्यात लोक मला थांबवून विचारत, "केसवाले डॉक्टर तुम्हीच ना?" केसवाले! मला!

मात्र एवढं लिहून ठेवतो. त्यानंतर एकदा मोर्चा पुन्हा आमच्या इस्पितळावरून गेला. मी खिडकी उघडली. 'झालाच'च्या पुढे क्षणभर थांबून तो 'प' आला, फटाक्यासारखा फुटला, आणि पाठोपाठ सगळा रस्ता. जेवताना तो आता भिंतीकडे तोंड करत नव्हता, हे गंगाबाईनं नव्हे, त्याच्या पोरीनं मला सांगितलं. मी आजूबाजूला कोणी नाही असं पाहून हळूच घोषणा दिली. आवाज अजूनही मांजराचाच होता.

शेवटी राज्य झालं. मुंबईसह झालं. राणेच्या चाळीत समारंभ ठरला आणि मला सत्काराचं बोलावणं आलं. चौकात मांडव, कागदी पताका, वर तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्यांतून बायका ओणवून बसलेल्या. राणे घोषणा द्यायला उभा राहिला आणि अडखळला. आता 'पाहिजे' म्हणायचं कशाला? झालाच होता की! ज्या 'प'साठी मी त्याचा हात डोक्यावर बांधला, त्याला ढेकणांच्या तोंडी दिलं, तोंडात शेती केली, त्या 'प'ची गरजच संपली होती. तो माझ्याकडे बघून हसला, दोन्ही गाल सारखे. मग म्हणाला, "पाहिजे म्हटला होता, घेतला!" आणि चाळ दणाणली.

मंडळाचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले. माझं शिक्षण, माझा त्याग, माझी सेवा. यातलं काहीच त्यांना ठाऊक नव्हतं, त्यामुळे भाषण रंगलं. शेवटी त्यांनी हार उचलला आणि गॅलऱ्यांकडे बघत म्हणाले, "मंडळी, डॉक्टरसाहेबांच्या हाताला गुण आहे!"

टाळ्या पडल्या. मी हारासाठी विनयानं मान खाली घातली. चांगली खोल घातली, वरच्या मजल्यापर्यंत विनय दिसावा म्हणून.

वरून भोंग्यासारखा आवाज आला.

"हाताक एवढो गुण आसा तर एकदा तो आपल्या टकलार फिरवून बघा, डॉक्टर!"